उघड्या सागातली सळसळ

१

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि मोठे शब्द मला येत नाहीत. आठवीत शाळा सोडून मी बाबांच्या हाताखाली पाट्या रंगवायला लागलो. पाटी रंगवणाऱ्याला वळणदार अक्षर आलं की पुरतं. ऱ्हस्व-दीर्घ गिऱ्हाईक कागदावर लिहून देतं आणि चुकलं तर चूक त्याची. इथे कोणी लिहून दिलेलं नाही. तोंडानं सांगायला गेलो तर चार माणसांत माझा घसा बसतो, म्हणून लिहितो. लिहिताना चिडचिड होते. तीही असू द्या.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, कोक्याच्या जंगलाला लागून आहे. आमच्या घरात भूत, देव, अंगात येणं, लिंबू-मिरची हे काही नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं घराबाहेर गेलं. मीही काही मानत नाही. हे आधी सांगितलेलं बरं.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या वर्षी बाबांना मान वर करायला सवड नव्हती. तिकडच्या सगळ्या पाट्यांवरचं ‘जिल्हा भंडारा’ पुसून नवं लिहायचं होतं. आता फ्लेक्समुळे हातानं कोणी रंगवून घेत नाही. बाबांचा हातही थरथरतो. त्यामुळे नागपूरच्या रीना मॅडमनी जंगलाच्या कडेला रिसॉर्ट बांधलं आणि सगळ्या पाट्या हातानंच रंगवलेल्या पाहिजेत म्हणाल्या, तेव्हा मला बरं वाटलं. माझी धाकटी बहीण हर्षा तिथेच साफसफाईला लागली. बारावी झालेली पोरगी. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि त्याआधी वर्षभर घरात बसायचं नव्हतं.

मॅडमच्या मालकीच्या सागाच्या झाडीत पाच कॉटेज. चारांची नावं सरळ होती: मोह, पळस, धावडा, तेंदू. तसली एकेक पाटी मी जेवायच्या आत रंगवून मोकळा होत असे. पाचवं सगळ्यात आत होतं, जिथे साग सगळ्यात दाट. त्यानं माझं डोकं फिरवलं.

२

“याला स्पेशल नाव आहे,” मॅडम म्हणाल्या आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. मी एकेक इंग्रजी अक्षर कागदावर उतरवून घेतलं. पहिलंच अक्षर पी.

“पिसिथु...”

“पी म्हणायचा नाही. सायलेंट आहे. सिथुरिझम.”

“म्हणायचा नाही तर लिहायचा कायले, मॅडम?”

“ग्रीक आहे रे ते. वाऱ्यानं झाडाची पानं वाजतात ना, त्या आवाजाचं नाव.”

“सळसळ,” मी हळूच म्हणालो.

त्या हसल्या. “सळसळ नावाच्या खोलीत राहायला नागपूरहून कोण येईल, सांग बरं. गेस्टनं थांबून विचारलं पाहिजे, हे काय आहे म्हणून. त्यासाठी खाली एक छोटी पाटी कर, मराठीत. शब्द कुठून आला त्याची गोष्ट.”

ही छोटी पाटी माझ्या जिवावर उठली. पहिल्यांदा मी लिहिलं: ‘वाऱ्यात पानांची होणारी कुजबुज. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुजबुजणे.’ रंग वाळला. मॅडम आल्या. “सुगत, थोडंसं बदलायचंय. तो शब्द मुळात पानांचा नाहीच म्हणे. माणसाचा आहे. दुसऱ्याच्या कानाशी लागून हळू बोलणारा असतो ना, तो. पानांना नंतर लावला.”

घासलं. पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग. मग फोन: “अरे, चुगल्या करणारा असाही अर्थ निघाला. तो नको, गेस्टला आवडणार नाही. पण त्या लोकांची एक देवी होती, तिच्या कानात माणसं हळूच मागणं सांगायची. ते घाल. छान आहे.”

फळी घासून घासून पातळ झाली. शब्द कुठून आला याच्याशी मला काय करायचं होतं? पण एकच गोष्ट तीन वेळा रंगवली की ती डोक्यात बसते. मला सारखं वाटत राहिलं की आवाजाला नाव नंतर मिळालं. आधी कोणीतरी बोलणारा होता.

३

आमच्याकडे जंगलात नावानं हाक मारत नाहीत. मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलं की माणसं पांगतात. मग कूक घालायची: “कूऽऽ!” तिकडून कूक आली की आपलं माणूस ठीक आहे. घराघराची कूक वेगळी. आमची शेवटी वर चढून तुटते. हर्षा पाळण्यात होती तेव्हापासून तिला ती ओळखू येते.

मी एकदा मायला विचारलं होतं, “नाव घेतलं तर काय होते?”

“काय होते म्हणजे? नाही घेत.”

“पण काहून?”

“कूक दूर जाते, बाबू. नाव झाडात अडकते. जा आता, पाणी भर.”

आमच्या घरात प्रश्नाला मिळणारं उत्तर असं असतं. मी त्याचा अर्थ सरळ घेतला: दोन अक्षरांचं नाव दूरवर ऐकू जात नाही, लांब कूक जाते. यात मानण्या-न मानण्याचं काही नाही. सवय आहे.

रीना मॅडमना ही सवय कुठून असणार? त्या ऑफिसच्या पायरीवर उभ्या राहून दिवसभर हाका मारायच्या. “हर्षाऽऽ, टॉवेल!” “हर्षाऽऽ, पाच नंबर झाडलं का?” घरी माय तिला पोरी म्हणते, मी नुसतं ‘ए’ म्हणतो. इतकं नाव घेऊन तिला आजवर कोणी बोलावलं नव्हतं. आणि ती जिथे असेल तिथून, “ओऽ मॅडम, आली!” म्हणून धावायची.

“मॅडमले कूक घालायला शिकव ना,” मी म्हणालो.

“आन् गेस्टसमोर मी कूऽऽ करू? कामावरून काढतीन मले. तुझं बरं आहे, तुले फक्त फळीशी बोला लागते.”

फळीशी बोलणंही सोपं नव्हतं, पण तिला कोण सांगणार?

४

मार्च संपत आला होता. सागाला एक पान नव्हतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, उन्हाळ्यातला साग म्हणजे जमिनीत रोवलेल्या काठ्या. वर पाहिलं तर सरळ आभाळ. सुपाएवढी पानं सगळी खाली पडतात आणि चालताना पापडासारखी मोडतात. मॅडमना तो कचरा वाटायचा, म्हणून हर्षा रोज झाडून ढीग करायची आणि मारोतराव चौकीदार तो जाळायचे. पाचव्या कॉटेजभोवती जमीन अंगणासारखी स्वच्छ होती.

दुपारी मी मोठी पाटी बसवत होतो. वारा अजिबात नव्हता. ढिगाचा धूर दोरीसारखा सरळ वर जात होता. आणि डोक्यावर पानं सळसळली.

भर श्रावणात भरलेला साग हलतो, तशी. मी वर पाहिलं. काड्या आणि आभाळ.

खालची पानं वाजली असतील म्हणावं, तर खाली पान नव्हतं. बोअरची मोटर म्हणावी, तर वीज सकाळपासून गेलेली. मला भीती नाही वाटली, राग आला. साधी गोष्ट आहे, कारण असणारच, आणि ते मला सुचत नाही, याचा राग. मी पुन्हा स्क्रू पिळायला लागलो. मी पाठ केली की आवाज यायचा. वळलो की थांबायचा.

नंतर नीट ऐकलं तेव्हा आणखी एक लक्षात आलं. वारा येतो आणि जातो, त्याला एक लय असते. हे तसं नव्हतं. थोडं सळसळायचं आणि थांबायचं. एखाद्याच्या कानात काही सांगून, तो काय म्हणतो याची वाट पाहावी, तेवढं थांबायचं.

हर्षा चादरी घेऊन आली. मी म्हणालो, “ए, हा आवाज कायचा आहे?”

“तुले आज आला का? रोजच येते.”

“वर पानं कुठं आहेत?”

“मले काय विचारून राहिला? मी खालचं झाडते.” आणि हसून आत गेली.

५

तिसऱ्या वेळेचा मजकूर लिहीत मी पाचव्या कॉटेजच्या ओट्यावर बसलो होतो. हर्षा आत खाटेवर चादर घालत होती. मध्येच ती बाहेर आली, “ओऽ, आली!” म्हणाली आणि कॉटेजच्या मागे सागात गेली. हाक मला ऐकू आली नव्हती, माझं लक्ष फळीत होतं.

बऱ्याच वेळानं परत आली.

“काय म्हणत होती मॅडम?”

“काही नाही.”

“काही नाही तर बोलावलं कायले?”

ती आत गेली. चादर अर्धी घातलेली होती, तिनं ती पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. “ओऽ, आली!” पुन्हा मागे. ही मॅडम पोरीला एक काम धड करू देत नाही! आणि रस्त्यानं बोलवायचं सोडून मागच्या झाडीत काय काम आहे?

ती तिसऱ्यांदा गेली तेव्हा मी ब्रश डब्यात टाकला. मी कधी कोणाला मोठ्यानं बोलत नाही. दुकानात सुटे पैसे कमी मिळाले तरी तसाच परत येतो. पण त्या दिवशी ठरवलं, मॅडमना सांगायचंच. वाटेत वाक्य जुळवत गेलो: मॅडम, सगळी कामं एकदाच सांगत जा, माझ्या बहिणीचे पाय तुटतात. ‘पाय तुटतात’ ठेवावं की काढावं यावर विचार करेपर्यंत ऑफिस आलं. ऑफिसला कुलूप होतं. समोर गाडी नव्हती.

मारोतराव फाटकाजवळ खुर्ची टाकून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते.

“काका, मॅडम कुठं गेल्या?”

“मॅडम? कालच गेल्या ना नागपूरले. पोराचा वाढदिवस आहे. उद्या येतीन.”

“मग हर्षाले कोण बोलावून राहिलं?”

“कोण बोलावते गा? गेस्ट नाही, कोणी नाही. सकाळपासून इथं बसून आहो, बोलायले एक माणूस नाही. तू आला ते बरं झालं. बस. खर्रा घे.”

“तुम्ही हाक मारली असन तिले.”

“मी कायले मारू? मले काय टॉवेल पायजे?”

ते स्वतःच हसले. आत कुठेतरी, खूप आतून, हर्षाचा आवाज आला. “आली!”

मारोतरावांनीही तो ऐकला. त्यांचा घोटायचा हात थांबला. मग ते म्हणाले, “गाणं म्हणत असन पोट्टी.”

६

मी पाचव्या कॉटेजच्या मागे गेलो. झाडलेली जमीन संपते तिथून वाळलेली पानं सुरू होतात. पाऊल टाकलं की केवढा आवाज. वरची सळसळ त्याहून मोठी होती आणि आता ती थांबत नव्हती.

मी कूक घातली. आमची, शेवटी वर तुटणारी.

उत्तर नाही. झोपेत असली तरी हर्षा या कुकेला हुंकार देते. पुन्हा घातली. उत्तर नाही.

मग तिची केशरी ओढणी दिसली. फार लांब नव्हती. एका जाड सागाला कान लावून उभी होती. चेहरा माझ्याकडे, पण नजर माझ्यावर नव्हती. कोणी दुसऱ्याच्या घरातली चविष्ट गोष्ट सांगत असेल आणि आपण ऐकत असू, तेव्हा जसं ओठ दाबून हसू येतं, तसं ती हसत होती. मान हलवत होती. मध्ये एकदा झाडाच्या सालीशी तोंड नेऊन तिनं काहीतरी हळूच सांगितलंही.

मी जे पाहिलं ते आता लिहितो. मला ते नीट लिहिता येणार नाही.

उघड्या झाडांची सावली बारीक रेघांची पडते. माझ्या अंगावर तशाच रेघा होत्या. हर्षाच्या अंगावर पानांची सावली होती. दाट. मोठमोठ्या पानांची. ती तिच्या खांद्यावर, गालावर, ओढणीवर हलत होती, वर भरलेलं झाड डोलत असल्यासारखी. वर काही नव्हतं. मी तीन वेळा वर पाहिलं. आणि त्या हलणाऱ्या सावलीत तिच्या कानाजवळ एक तुकडा असा होता की जो हलत नव्हता.

तेव्हा माझ्या हातून ते झालं. भीतीनं झालं की रागानं, सांगता येत नाही. कूक घालून ही पोरगी ऐकत नाही म्हटल्यावर मी आयुष्यात ओरडलो नाही इतक्या मोठ्यानं ओरडलो, “हर्षाऽऽ!”

सळसळ एकदम थांबली.

“ओऽ,” हर्षा म्हणाली.

तो आवाज माझ्या पाठीमागून आला. तिचाच आवाज, मॅडमना ओ देते तसा लांब ओढलेला. आणि माझ्यासमोर हर्षा झाडाला कान लावून उभी होती आणि तिचे ओठ मिटलेले होते.

आवाज फिरून येतो हे मला माहीत आहे. तलावाच्या पाळीवर आम्ही लहानपणी तोच खेळ खेळायचो. पण ‘हर्षा’ म्हटलं तर ‘हर्षा’ फिरून येतं. ‘ओ’ फिरून येत नाही.

मी मागे पाहिलं नाही. पुढे गेलो, तिचं मनगट धरलं आणि ओढत निघालो. ती अडखळली, मग चिडली, “सोड ना! काय झालं? हात तुटते माझा!” तिचा राग ऐकून मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. झाडलेल्या जमिनीवर आलो तेव्हा तिच्या पाठीवर पाहिलं. पानांची सावली कॉटेजच्या कडेपर्यंत तिच्याबरोबर आली होती. तिथून पुढे आली नाही.

७

घरी संध्याकाळ भांडणात गेली.

“माझं काम बंद करशीन का तू?” हर्षा म्हणाली. “मी कोणाशी बोलत नव्हते. डोकं दुखत होतं म्हणून टेकून उभी होते. तूच येड्यासारखा धावत आला. मारोतराव काका काय म्हणत असतीन?”

“तुले बोलावलं कोणी? मॅडम नागपूरले आहेत.”

ती म्हणाली, “असं कसं? मले ऐकू आलं ना.”

बाबा टीव्ही पाहत होते. मला वाटलं, माय आता हसेल किंवा मला झापेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तिथं तिले नावानं बोलावलं का, तू?”

“हो.”

“आन् ओ कोणं दिली?”

मी सांगितलं. माय चुलीकडे वळली. तव्यावरची भाकर करपली तरी तिनं उलटली नाही.

“माय, आपण हे मानत नाही ना?”

“नाही मानत,” ती म्हणाली. “सकाळच्या गाडीनं तिले जवाहरनगरले मावशीकडे नेऊन घाल.”

“काहून पण?”

“काहून काहून करू नको, बाबू. नेऊन घाल म्हटलं ना!”

मायचा आवाज कापरा झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. हर्षा रडली, कॉलेजच्या फॉर्मचं काय म्हणाली. मावसा त्यांच्या फॅक्टरीतल्या कोणाला सांगून तुझ्या ॲडमिशनचं भंडाऱ्यालाच पाहतीन, तिथून जवळ पडेल, असं काहीबाही बोलून मायनं तिची पिशवी भरली. मी म्हणालो, मी फक्त भंडाऱ्याच्या गाडीत बसवून देतो, पुढे मावसा घ्यायला येतील. मला दुपारपर्यंत ती फळी पूर्ण करायची होती. खरंच, मी तेव्हाही फळीचा विचार करत होतो.

सकाळी गाडी वेळेवर आली. हर्षा खिडकीशी बसली, माझ्याकडे न पाहता, रुसून. पाण्याची बाटली माझ्याच हातात राहिली होती. मी खिडकीखाली उभा राहून म्हणालो, “हर्षा.”

तिनं पाहिलं नाही. रुसवा असेल म्हणून मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागे वळून पाहिलं. कंडक्टरनं पाहिलं. पानठेल्यावरच्या दोघांनी पाहिलं. मी तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा त्या बाईनं मागे हात करून तिला कोपरापाशी ढोसलं, “अवं पोरी, तुले बोलावून राहिला ना तो!”

हर्षानं खाली पाहिलं. चेहऱ्यावर रुसवा नव्हता. हा इथे कधी आला, अशा नजरेनं ती पाहत होती.

“हर्षा,” मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो.

“काय?” तिनं कपाळाला आठ्या घातल्या. “नुसतं तोंड हलवून राहिला. बोल ना, दादा.”

“बाटली,” मी म्हणालो.

“हो, दे ना मग. एवढं सांगायले काय झालं?”

मी बाटली खिडकीतून दिली नाही. मी बसमध्ये चढलो आणि तिच्या शेजारी बसलो. जंगलाच्या कडेनं गाडी निघाली. रिसॉर्टचं फाटक गेलं, मग साग सुरू झाला, काठ्यांसारखा उघडा. हर्षाचा चेहरा एकदम उजळला. “ओऽ, आली!” म्हणत ती अर्धी उठली, मी मनगट धरून तिला खाली बसवलं. ती पुन्हा उठली. मी तिला खाली बसवून खिडकीची काच ओढली, आणि कंडक्टरला दोन तिकिटं मागितली.